आधी पाय, मग डोकं!

माणूस इतर प्राण्यांपासून वेगळा कशामुळे झाला? लंच टाइमला हा प्रश्न टाकून बघा. बहुतेक जण डबा उघडता उघडता छातीठोकपणे सांगतील, 'मेंदूमुळे!' ऐकायला झकास वाटतं. पण क्रम नेमका उलटा आहे आणि तो दाखवून देणारी बाई उंचीला होती जेमतेम साडेतीन फूट. नाव ल्युसी, वय ३२ लाख वर्षं!

२४ नोव्हेंबर १९७४ला इथिओपियातल्या हडारमध्ये डोनाल्ड जोहानसन यांना तिची हाडं दिसली. त्या रात्री कॅम्पवर बीटल्सचं 'ल्युसी इन द स्काय विथ डायमंड्स' वाजत होतं, म्हणून ती ल्युसी. इथिओपियात तिला 'डिंकनेश' म्हणतात, म्हणजे 'तू अद्भुत आहेस'. मला तर हेच नाव जास्त आवडतं.

सापळा मिळाला साधारण ४० टक्केच, पण तेवढा पुरला. कमरेचं हाड आखूड नि रुंद, मांडीचं हाड गुडघ्याकडे आत झुकलेलं. थोडक्यात, बाईसाहेब दोन पायांवर चालायच्या. आणि मेंदू? आपल्या साधारण एक तृतीयांश, चिंपांझीच्या जवळपास!

अजून पुरावा हवाय? टांझानियातल्या लेटोलीला १९७८ साली मेरी लीकी यांच्या टीमला ज्वालामुखीच्या राखेत उमटलेली पावलांची रांग सापडली. ३६ लाख वर्षांहून जुनी! टाच खोल रुतलेली, अंगठा बाकीच्या बोटांच्या ओळीत. चौपाटीच्या ओल्या वाळूत आपली उमटतात ना, जवळजवळ तशीच. मेंदूनं खरी उचल खाल्ली ती फार नंतर, साधारण २० लाख वर्षांपूर्वी 'होमो' कुळात.

दोन पायांवर उभं राहिल्यानं हात मोकळे झाले. उचलायला, वाहून न्यायला, पुढे दगडाची हत्यारं घडवायला. पण फुकट काहीच मिळत नाही, बॉस! शरीराचा तोल सांभाळायला कण्याला कमरेत बाक आला आणि वरचा सगळा भार खालच्या मणक्यांवर पडला. आपल्या कंबरदुखीची मुळं थेट तिथवर जातात.

आणि आपण काय करतो? चालण्यासाठी लाखो वर्षं घडलेलं हे शरीर दिवसभर खुर्चीत कोंबून ठेवतो. तेव्हा पुढच्या मीटिंगमध्ये कुणी म्हणालं, 'जरा डोकं चालवा', तर खुशाल उठा आणि आधी पाय चालवा. आपल्या खानदानाची रीतच आहे ती!