सदर परिसरातील पांढरी व पिवळी फुलपाखरे : खाद्यवनस्पतींच्या संदर्भात

प्रस्तावना :
नागपूर शहरातील सदर भाग व त्याच्या पश्चिमेकडील सेमिनरी हिल्सची टेकडी येथे पावसाळ्यात जमिनीलगत उडणारी पांढरी-पिवळी फुलपाखरे सहज दृष्टीस पडतात. ती लेपिडोप्टेरा गणाच्या पियरिडी कुलात मोडतात. ती सर्वत्र दिसतात, म्हणून त्यांना धोका नाही असा समज आढळतो. तथापि, त्यांचे अस्तित्व मोजक्याच वनस्पतींवर अवलंबून असते, हे प्रस्तुत लेखात स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

रंगांची मीमांसा :
या कुलातील फुलपाखरांच्या पंखांवरील सूक्ष्म खवल्यांत टेरिन वर्गातील नत्रयुक्त रंगद्रव्ये असतात. ल्युकोटेरिन हे पांढऱ्या, तर झँथोटेरिन हे पिवळ्या रंगाशी निगडित आहे. फ्रेडरिक गॉलंड हॉपकिन्स यांनी १८८९ पासून या द्रव्यांचा अभ्यास केला व त्यांचा संबंध युरिक आम्लाशी जोडला. पुढे हा संयुगांचा निराळाच वर्ग असल्याचे सिद्ध झाले. पंख या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्यास 'टेरिन' हे नाव मिळाले.

जीवनक्रम व खाद्यवनस्पती :
मादी उभट, निमुळती अंडी अळीच्या खाद्यवनस्पतीवरच घालते. पूर्ण वाढलेली अळी रेशमी धाग्याचा कमरपट्टा गुंफून देठास कोष बांधते. 'कॉमन ग्रास यलो' (युरेमा हेकाबे) या पिवळ्या फुलपाखराची अळी तरोटा (टाकळा), शेवरी इत्यादींवर वाढते. कोरड्या ऋतूत याच फुलपाखराच्या पंखांच्या खालच्या बाजूस तपकिरी डाग येतात व वाळलेल्या पानांत ते लपून जाते. 'कॉमन एमिग्रंट' (कॅटोप्सिलिया पोमोना) याची अळी बहाव्याची पाने खाते. पंखांच्या खालच्या बाजूस पिवळा रंग व कडेला लाल ठिपके असलेल्या 'हळदीकुंकू' (डेलियास युकॅरिस) या फुलपाखराची अळी मात्र आंब्यासारख्या वृक्षांवरील बांडगुळावर पोसली जाते. प्रौढ फुलपाखरू अनेक फुलांतील मध घेऊ शकते. अळीला तशी मोकळीक नसते.

निष्कर्ष :
फुलझाडे लावली की फुलपाखरे येतील, ही अपेक्षा म्हणूनच अपुरी ठरते. विदर्भात तरोट्याची कोवळी पाने भाजीसाठी खुडली जातात. उरलेला तरोटा मात्र तण म्हणून उपटला जातो. ऐन पावसाळ्यात मोकळी जागा एकदम साफ केल्यास अंडी व अळ्याही तणासोबत नष्ट होतात. बांडगूळ फळझाडास अपायकारक असल्याने ते काढणे समर्थनीय आहे. परंतु इतर मोठ्या वृक्षांवर त्याचा काही अंश राखता येईल. महाविद्यालये, वसाहती व उद्याने यांनी आवाराचा एखादा कोपरा पावसाळा संपेपर्यंत न खुरपता ठेवावा आणि उर्वरित तण टप्प्याटप्प्याने काढावे. या उपायास खर्च नाही. स्वच्छता आणि संपूर्ण सफाई यांतील भेद ओळखणे, एवढेच त्यासाठी आवश्यक आहे.