फुटबॉलच्या सरावात नाडीची मोजणी

२०१७ च्या ऑक्टोबरात नेरूळच्या डी. वाय. पाटील क्रीडासंकुलात १७ वर्षांखालील मुलांच्या विश्वचषक फुटबॉल स्पर्धेचे सामने झाले. ६ ऑक्टोबरला पॅराग्वेविरुद्ध खेळलेला मालीचा संघ २५ ऑक्टोबरला तेथेच स्पेनविरुद्ध उपान्त्य सामना खेळला. नेरूळ हे वाशीहून हार्बर मार्गावरचे तिसरेच स्थानक. त्या महिन्यात आमच्या वसतिगृहात दुसरा विषय नव्हता. जास्त पळाले की तसे खेळता येते, असे मुलांना वाटले; आणि क्रीडाशिक्षक रजेवर असल्याने ज्यांच्या हाती शिट्टी आली होती त्या आम्हा इतिहासाच्या शिक्षकांनाही तसेच वाटले. सर्वांना सारख्याच फेऱ्या, आणि मागे राहील त्याला आणखी एक, असा आमचा सराव होता.

एक मुलगा रोज मागे राहत असे. आम्ही त्याला चारचौघांत आळशी म्हटले, एकदा नव्हे, अनेकदा. सुट्टीवरून परतलेल्या क्रीडाशिक्षकांनी फेरी संपताच सर्वांना जागच्या जागी उभे करून मनगटावरची नाडी १० सेकंद मोजायला लावली. इतरांचे ठोके २७-२८ भरले, म्हणजे मिनिटाला साधारण १६५. या मुलाचे भरले ३२, म्हणजे १९२. सर्वांत मागे धावणारा मुलगा सर्वांत जास्त कष्ट घेत होता. आमच्या शिट्टीला ते कळले नव्हते.

यामागचे शास्त्र सोपे आहे. स्नायूंना प्राणवायू जितका अधिक लागतो, तितक्या वेगाने हृदय रक्त ढकलते; म्हणून नाडी ही श्रमाची मोजपट्टी होते. मात्र १६५ हा आकडा एकट्याने काही सांगत नाही. त्या व्यक्तीच्या हृदयाची कमाल गती किती, आणि तिच्या किती टक्के गतीने ते चालले आहे, हे पाहावे लागते. कमाल गतीसाठी ‘२२० वजा वय’ हे सूत्र सर्वत्र सांगितले जाते. इतिहासाच्या विद्यार्थ्याने साधनाची चिकित्सा करावी, म्हणून सांगतो : १९७१ च्या सुमारास रूढ झालेले हे सूत्र इतरांच्या नोंदी एकत्र करून ओढलेल्या ढोबळ रेषेतून आले आहे. २००१ मध्ये तनाका आणि सहकाऱ्यांनी ‘२०८ वजा वयाचे ०.७ पट’ असे सुधारित सूत्र दिले. चौदा वर्षांच्या मुलाला पहिले २०६ देते, दुसरे १९८. दोन्ही प्रौढांच्या नोंदींवर बेतलेली आहेत, आणि प्रौढांतही एखाद्याची खरी कमाल गती दहा-बारा ठोक्यांनी सहज वेगळी निघते. मुलगा निरोगी असल्याची डॉक्टरांकडून खात्री झाल्यावर, चांगले अंग गरम करून, वाढत्या वेगाच्या दोन-तीन धावांत मिळालेला सर्वांत मोठा आकडा धरणे अधिक बरे.

हा हिशेब कशासाठी? नॉर्वेतील हेल्गेरुड आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग पाहा. तरुण फुटबॉलपटूंनी आठ आठवडे, आठवड्यातून दोनदा, कमाल गतीच्या ९० ते ९५ टक्क्यांवर चार-चार मिनिटांच्या चार धावा केल्या. मध्ये तीन मिनिटे हलके धावणे. सामन्यात ते कापत असलेले अंतर सुमारे २० टक्क्यांनी वाढले. यात विश्रांतीची मिनिटेही योजलेली होती, हे आमच्या दृष्टीने महत्त्वाचे. आमच्या ‘आळशी’ विद्यार्थ्याला मात्र कमाल गतीच्या जवळच रोज, न थांबता, शिक्षा म्हणून पळवले जात होते. लहान मैदानावर चारास चार असा खेळ लावला, तरी ठोके ९० टक्क्यांच्या आसपास जातात आणि मुले आनंदाने धावतात, हे आम्ही नंतर शिकलो.

नाडीलाही मर्यादा आहेत. चार-पाच सेकंदांची झेप संपते तेव्हा हृदय तिला गाठायच्या वाटेवरच असते. झेपेचे श्रम ठोक्यांत दिसत नाहीत. आणि वाशीची हवा! खाडीकाठच्या दमट उकाड्यात घाम वाळत नाही, अंग निववण्यासाठी रक्त त्वचेकडे वळते आणि त्याच वेगाच्या त्याच फेरीला ठोके वाढतात. जानेवारीचा आकडा ऑक्टोबरला लावू नये. म्हणून मुलाला विचारावेही : किती दमलास? स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ गुन्नार बोर्ग यांनी याच प्रश्नाची ६ ते २० अशी पट्टी केली. प्रौढांत त्या आकड्याची दहापट नाडीच्या जवळ जाते.

छातीला पट्टा बांधून ठोके दाखवणारी यंत्रे आता मिळतात. आमच्याकडे भिंतीवरचे घड्याळ आहे. थांबताच मोजले पाहिजे, कारण ठोके झपाट्याने उतरतात. आणि १० सेकंदांत एक ठोका चुकला की मिनिटाला सहांची चूक होते.

निवासी शाळेला एक सोय अशी आहे की, सर्व मुले एकाच वेळी उठतात. अंथरुणातून उठण्यापूर्वीची नाडी आम्ही आठवडाभर लिहून घेतली. बहुतेकांची ६५ ते ७५ होती, त्या मुलाची ९२. डॉक्टरांकडे नेल्यावर रक्तातील हिमोग्लोबिन कमी निघाले. रक्तात प्राणवायू वाहून नेणारेच कमी, म्हणून हृदय जास्त वेळा धडपडत होते. लोहाच्या गोळ्या, जंताचे औषध आणि आहारातील बदल यांनंतर चौथ्या महिन्यात त्याच फेरीला त्याचे ठोके २८ भरले. त्या दिवशी आम्ही त्याची माफी मागितली, तीही चारचौघांतच.

सकाळच्या नाडीची वही वसतिगृहात अजून चालू आहे. एखाद्याचा आकडा नेहमीपेक्षा दहाने वाढलेला दिसला, तर त्या दिवशी तो मैदानावर येतो, पण रेषेबाहेर बसून इतरांचे ठोके लिहून घेतो.