उरलेल्या भाताचे पार्सल

सुट्टीच्या दिवशी गार्डन रेस्टॉरंटमध्ये सहकुटुंब जेवण म्हणजे निवांत कार्यक्रम. मुले झोपाळ्यावर रमतात, मोठ्यांच्या गप्पा रंगतात आणि जिरा राईस टेबलावर तसाच राहतो. निघताना त्याचे पार्सल बांधून घेतले जाते. अन्न वाया न घालवण्याची सवय चांगलीच. पण इथे घड्याळाकडे लक्ष हवे.

५ ते ६० अंश सेल्सिअस तापमानात अन्नातील जिवाणू वाढतात. भातात ‘बॅसिलस सिरियस’ या जिवाणूचे बीजाणू असू शकतात आणि ते शिजवल्यानंतरही टिकतात. भात बराच वेळ कोमट राहिला की त्यांच्यापासून जिवाणू वाढतात व उलट्या घडवणारे विष तयार करतात. भात पुन्हा गरम केला तरी हे विष नष्ट होत नाही. वासावरूनही ते कळेलच असे नाही. उलट्या साधारण १ ते ६ तासांत सुरू होतात. बहुतेकांना दिवसभरात बरे वाटते. लहान मुले व वृद्धांच्या शरीरातील पाणी मात्र लवकर कमी होऊ शकते.

म्हणून शिजलेले अन्न २ तासांहून अधिक बाहेर ठेवू नये. हवा ३२ अंशांहून गरम असेल, तर १ तासच. घरी पोहोचण्याचा वेळही यातच धरावा. भात थोडा थोडा मागवावा. पार्सल घरी येताच पसरट डब्यात काढून फ्रिजमध्ये ठेवावे. वेळ उलटली असेल, तर तो भात टाकून देणेच बरे.