पेट्रोलचा काटा

गाडीत बसलेल्या माणसाला बऱ्याच गोष्टी काट्यांशिवायही कळतात. वेग किती आहे ते रस्त्याकडे पाहून उमगतं. इंजिन तापलं तर वास येतो, बॉनेटखालून वाफ निघते. टाकीतलं पेट्रोल मात्र दिसत नाही आणि ऐकूही येत नाही. तिथं डॅशबोर्डवरच्या काट्याचा शब्द प्रमाण मानावा लागतो.

तुम्ही म्हणाल, कविता लिहिणाऱ्या माणसाला या काट्याचं काय? माझं शिक्षण बी.ए., तेही मराठी घेऊन. पण चिपळूणजवळ माझ्या भाच्याचं गॅरेज आहे आणि दुपारी मी तिथं जाऊन बसतो. गेल्या वर्षी त्यानं आमच्या नात्यातल्या एका वाडीसाठी जुनी पेट्रोल जीप उभी केली. चासी एका गाडीची, इंजिन दुसरीचं, पेट्रोलचं मीटर कुर्ल्याच्या भंगार बाजारातलं आणि टाकी नव्या पत्र्याची बनवून घेतलेली. वाडी डोंगरात आहे. रात्री कोणी आजारी पडलं की हीच जीप चिपळूणला जाणार, आणि दुखणं मोठं असलं तर कुंभार्ली घाट चढून कराडला. घाटात मध्यरात्री पेट्रोल कुठून आणायचं?

इंग्लंडमध्ये असा उद्योग हौसेनं करणारे पुष्कळ आहेत. सुट्या भागांतून घरी जोडायच्या मोटारीला तिथं किट कार म्हणतात. लोटस कंपनीची १९५७ सालची ‘सेव्हन’ ही त्यातली प्रसिद्ध गाडी. तयार मोटारीवर खरेदी कर होता, सुट्या भागांवर नव्हता, म्हणून लोक पेट्या घरी आणून गाडी जोडत. त्यांना आणि आमच्या भाच्याला छळणारा प्रश्न एकच: मीटर एका घरचं, टाकी दुसऱ्या घरची. दोघांची भाषा जुळायची कशी?

ही भाषा विजेची आहे. टाकीत जो भाग बसतो त्याला गॅरेजात ‘टँक युनिट’ म्हणतात. त्याला एक दांडी असते आणि दांडीच्या टोकाला तरंगणारा फ्लोट. पेट्रोल वरखाली झालं की फ्लोट वरखाली होतो आणि दांडीचं दुसरं टोक तारेच्या एका वेटोळ्यावरून सरकतं. त्यामुळे विजेच्या वाटेतला अडथळा, म्हणजे रोध, कमीजास्त होतो. किल्ली फिरवली की बॅटरीची वीज मीटरमधून टँक युनिटकडे जाते आणि तिथून गाडीच्या लोखंडी अंगात, म्हणजे अर्थमध्ये उतरते. वाटेत रोध किती आहे त्यावरून काटा आपली जागा ठरवतो. मीटरला पेट्रोलची काही खबर नसते, तो फक्त रोध मोजतो.

गंमत पुढेच आहे. अमेरिकी पद्धतीच्या युनिटमध्ये टाकी रिकामी असताना रोध सुमारे २४० ओहम असतो आणि भरल्यावर ३३. युरोपात रूढ असलेल्या एका पद्धतीत हे नेमकं उलटं: रिकामी असताना १०, भरल्यावर १८०. भाच्याचं नवं टँक युनिट पहिल्या जातीचं निघालं आणि भंगारातलं मीटर दुसऱ्या. दोन्ही जोडून त्यानं दांडी खाली सोडली, तर काटा ‘फुल’च्याही पुढे गेला. दांडी वर उचलली, तर काटा रिकाम्याकडे झुकला. ही परीक्षा युनिट टाकीत बसवण्याआधी, टाकीपासून दूर, हातानं दांडी हलवून करायची असते. पेट्रोलच्या वाफेजवळ ठिणगी नको. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा घातक, कारण ती वाफेनं भरलेली असते.

आता बदलायचं काय, युनिट की मीटर? मी म्हटलं, “जे स्वस्त पडेल ते बदल.” भाचा म्हणाला, “मामू, वायर तुटली तर काटा कुठं जाईल ते आधी बघायचं.”

त्याचं म्हणणं मला फार पटलं. वायर तुटली म्हणजे रोध अमर्याद झाला. अमेरिकी पद्धतीत जास्त रोध म्हणजे रिकामी टाकी, म्हणून काटा खाली पडतो आणि माणूस पंप शोधायला लागतो. दुसऱ्या पद्धतीत तोच बिघाड टाकी भरल्याचं सांगतो आणि माणूस निर्धास्तपणे घाटाला लागतो. भाच्यानं युनिट ठेवलं आणि त्याच जातीचं मीटर आणलं. अर्थ गंजला तरी रोध वाढतो, म्हणजे काटा आहे त्याहून कमीच दाखवतो. ही जोडी धोका देते ती फक्त वायर सोलून चासीला टेकली तर. मग काटा ‘फुल’वर चढतो. म्हणून पत्र्यातून वायर जाते तिथं त्यानं रबरी बूच बसवलं आणि वायरला सगळीकडे नळी घातली. टाकीच्या रंगामुळे आणि पॅकिंगमुळे अर्थ नीट मिळत नाही, म्हणून युनिटपासून चासीपर्यंत वेगळी अर्थ वायरही ओढली. पॅकिंग पेट्रोलला टिकणारंच हवं, साधं सिलिकॉन पेट्रोलमध्ये फुगतं.

तरी एक प्रश्न उरला होता. फ्लोट उंची मोजतो, लिटर मोजत नाही. ही टाकी तळाशी निमुळती होती. जीप सपाट जागी उभी करून भाच्यानं रिकाम्या टाकीत पाच-पाच लिटर पेट्रोल ओतलं, दर वेळी काटा थांबू दिला आणि मी कागदावर खुणा लिहिल्या. ४० लिटरच्या टाकीत काटा अर्ध्यावर आला तेव्हा आत १५ लिटरच होतं! मग त्यानं दांडी थोडी वाकवली, अशी की काटा रिकाम्यावर टेकला तरी आत चार लिटर शिल्लक राहावं. चढावर पेट्रोल टाकीच्या मागच्या बाजूला धावतं आणि काटा फसतो, म्हणून युनिट टाकीच्या मध्यावर बसवलं होतं.

जुन्या गाड्या बाळगणाऱ्यांना एवढंच आणखी सांगतो. पूर्वीच्या काही युनिटांत लाखेचा लेप दिलेला बुचाचा, म्हणजे कॉर्कचा फ्लोट असे. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि इथेनॉलमध्ये लाख विरघळते. लेप गेला की कॉर्क पेट्रोल पितो, जड होतो आणि बुडतो. टाकी भरूनही काटा उठत नसेल तर मीटर उघडण्याआधी फ्लोट काढून हलवून बघा. वाडीच्या जीपमध्ये प्लॅस्टिकचा फ्लोट आहे आणि माझ्या अक्षरातला तो लिटरांचा तक्ता डॅशबोर्डवर चिकटवलेला आहे.