माणूस तोच, चालणे सुटले!

बी एकाच कणगीतले असले तरी रान बदलले की पीक बदलते, हे शेतकऱ्याला शिकवावे लागत नाही. माणसाचेही तसेच होते काय? डॉक्टरांना या प्रश्नाचे उत्तर परमुलखात गेलेल्या जपानी शेतकऱ्यांकडून मिळाले. ती हकिगत घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसून वाचावी अशी आहे.

१८८५ साली जपानच्या सरकारने करार करून हवाई बेटांवर मजुरांची पहिली मोठी तुकडी पाठवली. नऊशेहून अधिक माणसे एका बोटीने गेली. पुढच्या वर्षांत हजारो गेली. हिरोशिमा आणि यामागुची या भागांतले गरीब शेतकरी त्यांत पुष्कळ होते. जमीन थोडी, कर भारी, मग काय करणार? करार तीन वर्षांचा आणि काम उसाच्या मळ्यात. महिन्याचे २६ दिवस, रोज १० तास रानात राबायचे. बायाही उसाचे पाचट काढायला जात. मजुराला नावाने नव्हे, तर बिल्ल्यावरच्या नंबराने ओळखत. पुढे १९०८ साली ‘कासातो मारू’ नावाची बोट ७८१ जपानी माणसे घेऊन ब्राझीलच्या सांतोस बंदराला लागली. तिथे कॉफीचे मळे होते.

या लोकांनी हाल काढले, पण मुलांना शिकवले. मुले दुकानदार झाली, कारकून झाली, शिक्षक झाली. दारात मोटार आली. जपानी घरात चटईवर बसायची रीत असते. दिवसातून कितीदा तरी उठबस होते आणि रात्री अंथरलेली गादी सकाळी गुंडाळून ठेवतात. परदेशात खुर्ची आली, पलंग आला. कष्टाचे दिवस सरले. त्यात वाईट काय? आईबापांनी घाम गाळला तो याचसाठी ना!

पण सुखाबरोबर दुखणीही घरात शिरली. १९६५ च्या सुमारास डॉक्टरांनी एक मोठी पाहणी हाती घेतली. जपानमधले, हवाईतल्या होनोलुलूचे आणि अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासचे जपानी पुरुष त्यांनी तपासले. एकट्या होनोलुलूत १९०० ते १९१९ या काळात जन्मलेले ८,००६ पुरुष होते. रक्त एक, वंश एक, फक्त मुलूख वेगळा. हृदयविकार जपानमध्ये सर्वांत कमी, हवाईत त्याहून जास्त आणि कॅलिफोर्नियात सर्वांत जास्त निघाला. १९७० नंतर हिरोशिमाच्या डॉक्टरांनी हवाईतल्या जपान्यांचा मधुमेह तपासला, तेव्हा तोही मायदेशापेक्षा जास्तच आढळला.

याचे एक कारण ताटात होते. जपानमध्ये अन्नातून मिळणाऱ्या एकूण शक्तीपैकी शेकडा १५ भाग स्निग्ध पदार्थांतून येई. तोच हवाईत ३३ आणि कॅलिफोर्नियात ३८ झाला. मायदेशी सगळेच चांगले होते असेही नाही. तिथे खारवलेले पदार्थ फार, आणि मेंदूतल्या रक्तस्रावाने व अर्धांगाने मरणारेही जास्त होते. जुने ते सगळेच सोने नसते.

दुसरे कारण पायांत होते. होनोलुलूच्या याच पाहणीतल्या ७०७ निवृत्त पुरुषांची माहिती १९९८ साली प्रसिद्ध झाली. वय ६१ ते ८१, विडी-सिगारेट न ओढणारे. रोज एक मैलही, म्हणजे सुमारे दीड किलोमीटरही, न चालणारे एका बाजूला आणि दोन मैलांहून जास्त चालणारे दुसऱ्या बाजूला. बारा वर्षांत पहिल्यांतले शंभरात जवळजवळ ४१ वारले, दुसऱ्यांतले सुमारे २४. आजारी माणूस चालतच नाही, म्हणून असे झाले असेल, ही शंका कोणालाही येईल. पण डॉक्टरांनी मुळात हलकी कामे रोज करू शकणारी माणसेच निवडली होती.

आणखी एक गोष्ट २००४ साली समजली. सत्तरी ओलांडलेल्यांत जे अगदीच कमी चालत, त्यांना स्मृतिभ्रंश होण्याचा धोका रोज दोन मैलांहून जास्त चालणाऱ्यांच्या मानाने पावणेदोन पटींहून अधिक होता. पाय थांबले की डोकेही मंदावते!

तिसरे कारण मात्र ताटात नाही आणि पायांतही नाही. मायकेल मार्मट आणि लिओनार्ड साइम या संशोधकांनी कॅलिफोर्नियातले ३,८०९ जपानी तपासून १९७६ साली आपला निष्कर्ष मांडला. ज्यांनी आपली माणसे, आपले सण, आपले मंडळ धरून ठेवले होते, त्यांच्यात हृदयविकार जपानइतकाच कमी होता. ज्यांचे ते सगळे सुटले, त्यांच्यात तो तिपटीपासून पाचपटीपर्यंत होता. खाणे, विडीकाडी, रक्तदाब हे सारे हिशेबात धरूनही हा फरक पुरता उलगडला नाही.

ब्राझीलमधल्या जपानी म्हाताऱ्यांकडे पाहिले की याचा अर्थ कळतो. जपानमध्ये १९२८ साली आकाशवाणीवर सुरू झालेली संगीतावरची कवायत साओ पावलो शहरात आजही मंडळी सकाळी एकत्र जमून करतात. ‘गेटबॉल’ नावाचा, हातोडीने चेंडू कमानीतून काढायचा, सांघिक खेळ त्यांच्यात फार आवडीचा आहे. १९४७ साली जपानमध्ये तो निघाला मुलांसाठी, आणि रमले त्यात आजोबा-आजी! पैसा फार लागत नाही, पळापळ नाही. पण रोज घराबाहेर पडायला निमित्त मिळते आणि न आलेल्याची चौकशी करायला कोणीतरी असते. आयुष्य नुसते लांबत नाही, त्यात गोडीही राहते.

त्या उसाच्या मळ्यातले हाल पुन्हा कोणाच्या वाट्याला येऊ नयेत. यंत्र जरूर यावे, मोटारसायकलही यावी. पण कष्ट टाकताना चालणे टाकू नये आणि शेजार तर मुळीच टाकू नये. आज जेवणे झाल्यावर ओट्यावर बसलेल्या आजोबांना हाक मारा, ‘चला आजोबा, देवळापर्यंत जाऊन येऊ.’ वाटेत त्यांच्या बरोबरीचे कोणी भेटले, तर त्यांनाही बरोबर घ्या.