शिडाच्या नौकेवरील विद्युत प्रणोदनाची कार्यक्षमता

शिडाच्या नौकेवरील विद्युत प्रणोदनाची कार्यक्षमता म्हणजे बॅटरीतून घेतलेल्या शक्तीपैकी नौका पुढे नेण्यास उपयोगी पडलेल्या शक्तीचे प्रमाण होय. वारा पडल्यावर किंवा बंदरात शिरताना अशा नौका मोटरवर चालवतात. डिझेलच्या टाकीच्या मानाने बॅटरीत ऊर्जा फार थोडी मावते. त्यामुळे नौका किती अंतर जाऊ शकेल हे या प्रमाणावर ठरते.

== ऊर्जेचा मार्ग ==
ऊर्जा बॅटरीतून नियंत्रक, मोटर, आस आणि पंखा या क्रमाने पाण्यापर्यंत पोहोचते. एकूण कार्यक्षमता ही सर्व टप्प्यांच्या कार्यक्षमतांचा गुणाकार असते. मोटरची कार्यक्षमता ९० टक्के व पंख्याची ५५ टक्के असल्यास दोहोंची मिळून ती ४९.५ टक्केच भरते. मोठ्या व्यासाचा, सावकाश फिरणारा पंखा सामान्यतः अधिक कार्यक्षम असतो.

== मापन ==
घेतलेली शक्ती म्हणजे बॅटरीच्या अग्रांवरील विद्युतदाब व विद्युतप्रवाह यांचा गुणाकार. उपयुक्त शक्ती म्हणजे पाण्याचा रोध व नौकेचा वेग यांचा गुणाकार. रोध मोजण्यासाठी नौका दुसऱ्या नौकेने ओढून दोरावरील ताण नोंदवतात. विल्यम फ्राउड यांनी १८७१ मध्ये 'ग्रेहाउंड' या ब्रिटिश युद्धनौकेचा रोध असाच मोजला होता.

उदाहरणार्थ, ४८ व्होल्ट व ५० अँपिअर म्हणजे २,४०० वॉट. ५ नॉट (२.५७ मीटर प्रति सेकंद) वेगाला रोध ४५० न्यूटन असल्यास उपयुक्त शक्ती सुमारे १,१५७ वॉट, म्हणजेच कार्यक्षमता सुमारे ४८ टक्के होते.

नौका धक्क्याला बांधून केवळ रेटा मोजल्यास कार्यक्षमता कळत नाही. वेग शून्य असल्याने उपयुक्त शक्तीही शून्य असते.

== प्रति सागरी मैल ऊर्जा ==
प्रत्यक्ष प्रवासासाठी एका सागरी मैलास लागणारे वॉट-तास हे माप सोयीचे ठरते. वरील नौकेस ते ४८० आहे. ८,००० वॉट-तास वापरता आल्यास ती सुमारे १७ सागरी मैल जाईल. लागणारी शक्ती ढोबळमानाने वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. त्यामुळे वेग ४ नॉट केल्यास तीच ऊर्जा सुमारे २६ सागरी मैल पुरते.

चाचणी शिडे उतरवून, शांत हवेत घेतात. पाण्याच्या प्रवाहाचा परिणाम वगळण्यासाठी तेच अंतर उलटसुलट दिशांनी कापून दोन्ही वेगांची सरासरी काढतात. तळावर शेवाळ किंवा शिंपले साचल्यास रोध वाढतो. म्हणून स्वच्छ तळाचे आकडे वर्षभर गृहीत धरता येत नाहीत.