बिलं ड्राइव्हवर आहेत, पण ती सगळी खाली उतरली का?



आजचा विषय थोडा टेक्निकल वाटेल, पण घाबरू नका. कोडिंग शिकवणार नाहीये. व्हिडिओत स्क्रीनवर सगळं दाखवलंच आहे. तिथे घाईत जे सांगायचं राहिलं ते इथे लिहितोय, कारण ही चूक मी स्वतः केलीय आणि तिचे पैसेही भरलेत.

माझा पॅकिंग बॉक्सचा धंदा होता तेव्हाची गोष्ट. विक्रीच्या बिलांचे पीडीएफ गुगल ड्राइव्हवर, दर महिन्याचा वेगळा फोल्डर. जीएसटीआर-१ ची ११ तारीख जवळ आली की सीएंचा फोन, "बिलं पाठवा." मग मी रात्री बसून फायली निवडायचो, डाउनलोड करायचो, झिप उघडायचो. ओळखीच्या एका कॉलेजच्या मुलाने छोटा प्रोग्राम लिहून दिला. बटण दाबलं की महिन्याचा अख्खा फोल्डर कॉम्प्युटरवर. मी खूश!

तीन महिन्यांनी एका चांगल्या गिऱ्हाइकाचा फोन आला. "साहेब, तुमची दोन बिलं आमच्या टू-बी मध्ये दिसतच नाहीत. आमचं क्रेडिट अडकलंय, पेमेंट थांबवलंय." पाठोपाठ दुसऱ्याचा फोन. सीएंनी फायली काढल्या आणि विचारलं, "अहो, तुमची बिलं दर महिन्याला बरोबर शंभरच कशी होतात?"

जुलै शंभर, ऑगस्ट शंभर, सप्टेंबर शंभर. त्याच्या वरची बिलं ड्राइव्हवर सुखरूप होती, फक्त खाली उतरलीच नव्हती. रिटर्नमध्ये विक्री कमी दाखवली गेली, ती पुढच्या रिटर्नमध्ये वाढवावी लागली आणि राहिलेला कर वर्षाला १८ टक्के व्याजाने भरला. मुलाची चूक म्हणा, पण तपासायचं काम माझं होतं.

हे शंभराचं गणित काय, ते समजून घ्या.

एपीआय म्हणजे गोडाऊनची खिडकी समजा. आपण आत जात नाही. प्रोग्राम खिडकीवर चिठ्ठी देतो, आतला माणूस पास बघतो आणि मागितलेलं बाहेर देतो. ड्राइव्हच्या एपीआयमध्ये आपल्या कामाच्या खिडक्या दोन. पहिली यादीची, फोल्डरमध्ये काय काय आहे ते सांगणारी. दुसरी मालाची, ही फाइल द्या म्हटलं की देणारी. यादीची खिडकी एका वेळी सगळी नावं देत नाही. काही सांगितलं नाही तर १०० देते, मागितलं तर जास्तीत जास्त १०००. अजून नावं शिल्लक असतील तर सोबत एक टोकन देते, त्याला नेक्स्ट पेज टोकन म्हणतात. ते टोकन परत खिडकीवर दिलं की पुढची नावं. टोकन येणं बंद झालं की यादी संपली. आमच्या प्रोग्रामने पहिलं पान घेतलं, टोकनकडे बघितलंच नाही. एरर आली नाही, लाल अक्षरं आली नाहीत. खिडकीच्या हिशेबाने चूक झालीच नव्हती ना!

म्हणून कोणाकडूनही असं काम करून घेताना पहिला प्रश्न हाच: "दीडशे फायलींच्या फोल्डरवर चालवून दाखवलंस का?"

मालाच्या खिडकीवरही एक गंमत आहे. फाइल मागताना ऑल्ट बरोबर मीडिया असं लिहावं लागतं. नाही लिहिलं तर फाइल येत नाही, फाइलची माहिती येते. पोत्याऐवजी पोत्याचं लेबल हातात! हे निदान लगेच कळतं, कारण पीडीएफ उघडतच नाही.

पीडीएफ, फोटो, एक्सेल हे असं सरळ मिळतं. पण तुम्ही स्टॉकचा हिशेब गुगल शीटमध्ये किंवा कोटेशन गुगल डॉकमध्ये ठेवत असाल तर ते असं डाउनलोड होत नाही. त्याला एक्सपोर्ट करावं लागतं, म्हणजे एक्सेल पाहिजे की पीडीएफ ते सांगायचं. शिवाय एक्सपोर्टला १० एमबीची मर्यादा आहे. वर्षानुवर्षं एकाच शीटमध्ये भर घालत बसलात तर एक दिवस ती अडकेल. दर आर्थिक वर्षाला नवी शीट काढा.

आणि ट्रॅश! यादी मागताना ट्रॅशमधल्या फायली वगळा असं सांगितलं नाही तर त्याही यादीत येतात. रद्द करून डिलीट केलेलं बिल पुन्हा सीएंच्या टेबलावर.

आता पासाबद्दल बोलू, कारण इथे लोक सगळ्यात जास्त घोळ करतात. ड्राइव्ह उघडायला आपल्या जीमेलचा पासवर्ड कोणालाही द्यायचा नाही. भाचा असो, डेव्हलपर असो, कोणीही असो. गरजच नाही त्याची. गुगल क्लाउडमध्ये सर्व्हिस अकाउंट नावाची सोय आहे. प्रोग्रामसाठी वेगळं खातं, त्याला स्वतःचा ईमेल पत्ता असतो. बिलांचा फोल्डर त्या पत्त्याला शेअर करा, फक्त व्ह्यूअर म्हणून. मग तो प्रोग्राम तेवढाच फोल्डर बघेल, डिलीट काही करू शकणार नाही. त्याची एक की फाइल मिळते, ती मात्र दुकानाच्या किल्लीसारखी जपायची. व्हॉट्सॲपवर पाठवायची नाही.

दुसरा रस्ता म्हणजे तुमच्याच खात्याने एकदा परवानगी द्यायची. तोही चालतो, पण साध्या जीमेलवर ॲप टेस्टिंग अवस्थेत सोडलं तर ती परवानगी ७ दिवसांत संपते. सोमवारी डेमो झकास, पुढच्या महिन्यात सगळं बंद. डेव्हलपरने पैसे घेतलेले असतात आणि तुम्ही त्याला फोन लावत बसता. पैसे देण्याआधी आठ-दहा दिवस थांबा, पुन्हा चालवून बघा, मग द्या.

कोड लिहून घ्यायचाच नसेल तर आरक्लोन नावाचं मोफत साधन आहे, तेही ड्राइव्हशी याच एपीआयने बोलतं. यादीची पानं उलटायचं काम ते स्वतः करतं. त्यात कॉपी आणि सिंक असे दोन हुकूम आहेत. आपल्याला कॉपीच पाहिजे. सिंक दोन्ही बाजू सारख्या करतं, म्हणजे ड्राइव्हवर जे नाही ते तुमच्या कॉम्प्युटरवरूनही पुसून टाकतं. दुकानातल्या पोराने चुकून ड्राइव्हचा फोल्डर उडवला आणि रात्री सिंक चाललं, तर बॅकअपही गेला.

"ड्राइव्हवर आहे ना, मग खाली कशाला उतरवायचं?" हा प्रश्न मला कायम येतो. ट्रॅशमधली फाइल ३० दिवसांनी आपोआप कायमची जाते. आणि जीएसटी कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे हिशेबाची कागदपत्रं वार्षिक रिटर्नच्या देय तारखेपासून ७२ महिने सांभाळायची असतात. २०२३-२४ ची बिलं डिसेंबर २०३० पर्यंत! डिलीट झाल्याचं सहाव्या आठवड्यात लक्षात आलं तर काय करणार?

आता तपासायचं कसं, ते सांगतो. जीएसटीच्या बिलांना सलग नंबर असतात, ही सोय आपल्या हातातच आहे. या महिन्याच्या शेवटच्या बिलाच्या नंबरातून मागच्या महिन्याचा शेवटचा नंबर वजा करा. रद्द झालेली बिलं बाजूला काढली की जो आकडा उरतो, तेवढ्या फायली फोल्डरमध्ये पाहिजेत. शिवाय मधलीच चार-पाच बिलं उघडून बघा, नेट तुटलं की अर्धवट फाइलही पडून राहते. डेव्हलपर बरा असेल तर त्याला चेकसम जुळवायला सांगा. पीडीएफसारख्या फायलींचा एमडी-फाइव्ह चेकसम ड्राइव्ह स्वतःच देतं.

आणि हे सगळं १० तारखेच्या रात्री नको. मी ३ तारखेला चालवतो. शेवटच्या बिलाचा नंबर आजही वहीत पेनाने लिहितो, बायको हसते. आकडा जुळला की मगच सीएंना मेल जातो. गेल्या महिन्यात दोन कमी निघाले, बघितलं तर ती बिलं ड्राइव्हवर चढवायचीच राहिली होती.